बाबांच्या गाडीचा डावा पाटा

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात बाबांनी गाडी घेतली आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. गाडी घेतल्याचा राग नव्हता, गाडीला छप्पर नव्हतं याचा होता. या वयात उघड्यावर बसून कुठं मिरवायला जाणार, असं तिनं तिसऱ्या दिवशी विचारलं. बाबांनी "आपट्याला" असं सरळ उत्तर दिलं आणि ते खरंच आपट्याला गेले.

गाडी दोन माणसांची. लांबलचक नाक, गोल दिवे, तारांची चाकं, रंग बाटलीसारखा हिरवा. बघणाऱ्याला वाटे, पन्नास-साठ वर्षांपूर्वी बोटीतून उतरवली असेल. प्रत्यक्षात उरणच्या एका हौशी माणसानं ती जुन्या जीपच्या सांगाड्यावर बांधून घेतली होती आणि आखातात नोकरी लागल्यावर विकून टाकली होती. म्हणजे वरून साहेबाची, आतून आपलीच. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत तिला लग्नाची गाडी म्हणत. दर लग्नसराईत कुणी ना कुणी ती वरातीला मागायला येई. बाबा म्हणत, "दोनच सीट आहेत. एकीवर मी बसणार, दुसरीवर नवरा. मग नवरीला काय चालत आणायचं?" चालवायला त्यांच्याऐवजी दुसरं कुणी बसू शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघायचो. पळस्पे मागे टाकलं की बाबा शीळ घालायला लागत. आपट्याला पाताळगंगेच्या काठावर गाडी उभी करायची, टपरीवरचा चहा प्यायचा, अर्धा तास पाण्याकडे बघायचं, परत यायचं. बोलणं फारसं नसे. मी वाशीला बँकेत नोकरी करत होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि आठवडाभर लोकांचं ऐकून घेऊन माझं डोकं तापलेलं असे. त्या दीड-दोन तासांत ते शांत व्हायचं. बाबांना हे माहीत होतं असं मला वाटतं, पण आम्ही असल्या गोष्टी एकमेकांना सांगणाऱ्यांतले नव्हतो.

बाबांची सगळी नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात गेली. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे आणि पास किंवा नापास करायचे, हे त्यांचं काम. तिथली एक पद्धत त्यांनी घरातही आणली होती. मोजताना माणसं दोन लागतात. एकानं टेप धरून आकडा वाचायचा, दुसऱ्यानं वहीत लिहायचा. वाचणाऱ्यानं आधीचा आकडा बघायचा नाही, आणि जे दिसतं तेच बोलायचं. पडद्याचं कापड असो की फ्रीजची जागा, वाचायला मी आणि लिहायला बाबा. शाळेत असल्यापासून मी त्यांची वाचणारी होते. एकदा पाव इंच चुकवला म्हणून त्यांनी मला रागावून सांगितलं होतं की चुकीचं वाचण्यापेक्षा "मला दिसत नाही" म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

एका हिवाळ्यात बाबांनी तक्रार सुरू केली की गाडी डावीकडे बसली आहे. मी म्हटलं, मला तर काही जाणवत नाही. ते म्हणाले, तू आयती बसणारी, तुला काय कळणार. आपण सीटवरून सारखे डावीकडे घसरतो, आरसा रोज सकाळी नव्यानं लावावा लागतो, म्हणजे मागचा डावा पाटा गेला, असं त्यांचं निदान होतं. आमच्या गाडीला मागे ट्रकला असतात तसे पाटे होते. एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्या, मधे वाकवलेल्या. वर्षानुवर्षं वजन झेलून त्यांचा बाक कमी होतो आणि गाडी त्या बाजूला खाली येते. पाटा बसला म्हणतात त्याला.

मग एक दिवस गेटातून आत येताना त्यांनी डावा मडगार्ड खांबाला घासला. फार काही नाही, वीतभर हिरवा रंग खांबावर राहिला. पण आईनं ते बाल्कनीतून पाहिलं होतं. रात्री जेवताना ती म्हणाली, आता पुरे झालं, गाडी विका. बाबा चिडले नाहीत. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि तिला सांगितलं, "दोष गाडीचा असला तर गाडी दुरुस्त करीन. माझा असला तर किल्ली तुझ्या हातात देईन. पण आधी मोजू दे."

आई "बघा हं" एवढंच म्हणाली. बाबांचा शब्द म्हणजे काय ते आम्हां दोघींना ठाऊक होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण गाडीशिवायचे बाबा कसे दिसतील हे मला एकदम दिसलं होतं. पेपर चार वेळा वाचणारे, टीव्हीचा आवाज वाढवणारे, कोपऱ्यातल्या खुर्चीतले.

रविवारी आम्ही मोजायला बसलो. पार्किंगची फरशी गटाराकडे उतरती असते, त्यामुळे तिथं कुठंही गाडी उभी करून मोजलं तर माप खोटं येतं. बाबांनी गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी आणून सपाट जागा शोधली आणि चार चाकांसाठी चार फुल्या खडूनं काढल्या. चारही टायरमध्ये हवा सारखी भरून घेतली. गाडी फुल्यांवर आणली, मागून तीनदा दाबून सोडली, म्हणजे पाटे आपापल्या जागी बसतात. मग मी गोणपाटावर गुडघे टेकले. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा, एवढंच होतं.

उजवी बाजू पावणेचौदा इंच. बाबांनी लिहिलं. डावी बाजू पावणेचौदा.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. पावणेचौदाच होतं. मी वर बघितलं. बाबा वही धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा कधी नव्हे तो घाबरलेला होता. कारखान्यात त्यांनी हजारो वेळा दुसऱ्याचं काम नापास केलं असेल, तेव्हा तो चेहरा कसा असे मला माहीत नाही. पण नापास होणारे बाबा मी पहिल्यांदा पाहत होते. मला ते बघवेना.

"थांबा," मी म्हटलं, "टेपचा हूक निसटला होता." पुन्हा टेप लावला, आकडा डोळ्यांसमोर स्वच्छ पावणेचौदा दिसत होता, आणि मी वाचलं, "सव्वातेरा."

बाबांनी श्वास सोडला. सव्वातेरा लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. वर गेल्या गेल्या आईला ऐकू जाईल असं म्हणाले की अर्ध्या इंचाचा फरक आहे, पाटाच बसलाय. मी मोरीत जाऊन उगाच खूप वेळ हात धुतले.

आमचा मेकॅनिक जुन्या पनवेलमधला. कुवेतमध्ये बरीच वर्षं काम करून परत आलेला, पन्नाशीचा, कोकणी मुसलमान, बोलायला अतिशय अदबशीर. बाबा त्याला उस्ताद म्हणत आणि तो बाबांना साहेब. दोघांचं जमण्याचं कारण म्हणजे उस्तादही मोजल्याशिवाय पाना उचलत नसे. त्यानं बाबांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि स्वतः मापं घेतली. मला काळजी होती की आता आकडा बोलून दाखवेल. त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकला. त्यानं बाबांना गाडीत बसायला सांगितलं, मागे जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ गाडीकडे न बघता बाबांच्या पाठीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, ताई, जरा आत या, एक पार्ट दाखवायचाय.

आत पार्ट वगैरे काही नव्हता.

"गाडी एकदम सरळ आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि बसायचाच असता तर उजवा पाटा बसला असता, ड्रायव्हर उजवीकडे बसतो. साहेब स्वतः डावीकडे झुकून बसतात, ताई. स्टुलावर पण झुकलेलेच होते. त्यांना ते कळत नाही."

मला कळत होतं का? आज विचार केला तर वाटतं, कळत होतं. सोफ्यावर त्यांच्या डाव्या खांद्याखाली उशी सरकवण्याची मला सवय लागली होती, आणि मी ती सवय का लागली हे स्वतःला विचारलं नव्हतं. उस्तादला मी खोटं वाचल्याचं सांगितलं. किल्लीचंही सांगितलं.  त्यानं फडक्यानं हात पुसले. मग म्हणाला की त्याचे अब्बाही शेवटी शेवटी सायकलवरून पडायचे आणि घरातली सगळी माणसं रस्त्याला नावं ठेवायची. कुणाची हिंमत नव्हती. वडलांना कोण सांगणार?

आम्ही दोघं शहाणी माणसं. तिथं, ऑइलचे डबे आणि जुन्या टायरांच्या मधे उभं राहून, आम्ही जे ठरवलं ते कुठल्याही मेकॅनिकनं आणि कुठल्याही मुलीनं ठरवायला नको होतं. डाव्या बाजूला एक पाटा जास्तीचा टाकायचा. साहेबांना सरळ वाटेल इतपतच, असं उस्ताद म्हणाला. सरळ गाडी आम्ही बाबांच्या मापानं वाकडी करणार होतो.

काम कळंबोलीला लोखंड बाजाराजवळ करून घेतलं. तिथं ट्रकचे पाटे ठोकणारी माणसं रांगेनं बसतात. एवढीशी गाडी बघून ते हसले, आणि फक्त एकाच बाजूला पाटा टाकायचाय म्हटल्यावर त्यांनी उस्तादकडे विचित्र नजरेनं पाहिलं. उस्तादनं मान खाली घातली आणि पाटे जखडणारे यू-बोल्ट आवळायला स्वतः बसला.

पुढचे तीन आठवडे बाबा पोरासारखे खुशीत होते. गाडी पहिल्यासारखी झाली म्हणून सांगत सुटले. पळस्प्याच्या पुढे शीळ पुन्हा सुरू झाली. माझी सीट आता उंचावली होती आणि मी सारखी त्यांच्या अंगावर घसरत होते, म्हणून दाराची कडी घट्ट धरून बसायचे. ब्रेक लावला की गाडी किंचित एका बाजूला ओढायची. दर ब्रेकला मी जीव मुठीत धरायचे. पण ते शेजारी शीळ घालत असायचे, आणि मी कडी धरून हसायचे. त्या तीन रविवारांइतका आनंद आणि त्यांच्याइतकी भीती मी एकाच वेळी कधी अनुभवली नाही.

एक गोष्ट मात्र मी विसरले होते. बाबा दुरुस्तीनंतर पुन्हा मोजतात. दुरुस्त झालेला भाग परत तपासल्याशिवाय पास करायचा नाही, ही त्यांच्या खात्याची रीत. तीन आठवडे ते मला आठवण करत होते आणि मी आज बँकेत उशीर झाला, उद्या कंटाळा आला, असं करत टाळत होते.

एका संध्याकाळी कामावरून आले तर गेटवर वॉचमन माझी वाट बघत उभा. तो जवळच्याच ओवे गावचा, वयानं माझ्याएवढाच. म्हणाला, "ताई, काका खाली पडलेत गाडीजवळ. लागलं नाय. मी उटवतो बोललो, तं बोलले नाय, ताई येऊ दे. तासभर झाला."

मी पळत गेले. गाडी खडूच्या चार फुल्यांवर उभी होती. बाबा मागच्या डाव्या चाकाशी गोणपाटावर कुशीला पडून होते. पडले नव्हते, मोजायला म्हणून आडवे झाले होते आणि मग त्यांना उठता आलं नव्हतं. शर्ट धुळीनं माखला होता, हातात टेप होता, आणि छातीशी वही. एकट्यानं मोजलं होतं. वाचलंही त्यांनीच, लिहिलंही त्यांनीच.

मी खाली बसले. त्यांनी मला वही दाखवली.

"डावी बाजू पाऊण इंच वर आहे," ते म्हणाले. मग वही मिटून, "आणि मला गाडी सरळ वाटते."

 मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं. ते म्हणाले की हो, चुकलंच. रागावून नाही, एखादा आकडा वाचावा तसं. नंतर म्हणाले, उचल आता, फरशी गार लागतेय. मी आणि वॉचमननं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. लिफ्टच्या आरशासमोर ते नेहमीसारखे केस नीट करायला लागले आणि मधेच थांबले. आरशात खांदे दिसत होते.

घरात शिरल्यावर त्यांनी चप्पल काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आई कणीक मळत होती. तिनं विचारलं, हे काय चाललंय? बाबा मला म्हणाले, "आता माझं माप घे. आणि दिसतं तेच वाच."

मी एकेका खांद्यावर पट्टी आडवी धरून भिंतीवर पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. लहान मुलांची उंची भिंतीवर मांडतात तशा, फक्त एकाच माणसाच्या दोन. ते बाजूला झाले. मी दोन खुणांमधलं अंतर मोजलं. खात्री व्हावी म्हणून दोनदा मोजलं.

"सव्वा इंच," मी वाचलं. "डावा खाली."

बाबांनी वहीत गाडीच्या आकड्यांखाली ते लिहिलं. अक्षर पहिल्यापेक्षा बारीक झालं होतं, तेही मला त्याच वेळी दिसलं. मग त्यांनी आईकडे पाहून विचारलं, तुला माहीत होतं?  कणकेचे हात तसेच ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि कोपरानं कपाट उघडून बाबांच्या पायजम्याकडे बोट दाखवलं. डावा पाय खालून दोन बोटं दुमडून, बारीक टाक्यांनी शिवलेला होता. तो जमिनीवर लोळायचा म्हणून. सगळ्या पायजम्यांना तिनं तसंच केलं होतं. दिवाळीच्या आधीपासून.

पुढे डॉक्टरांनी त्या झुकण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि हे कधीपासून आहे असं विचारलं तेव्हा आम्ही तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली. यांना लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, ते म्हणाले. तेवढे महिने आम्ही मायेपोटी घालवले होते, एकीनं सुईदोऱ्यानं, एकीनं टेपनं. त्याची टोचणी मला अजून आहे. तेव्हा मात्र डॉक्टर, गोळ्या, काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही तिघं आतल्या खोलीत उभे होतो आणि कपाट उघडंच होतं.

बाबा त्या पायजम्याकडे बघून हसले. अगदी खरं हसले. शिवण सरळ आली आहे म्हणाले, आणि आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. मला सांगितलं की उद्या उस्तादकडे जाऊन तो जास्तीचा पाटा काढून आण, त्या गाडीचा काही दोष नाही. आणि किल्ली आईसमोर धरली.

गाडी विका म्हणणारी आई दोन पावलं मागे सरकली.

"माझे हात कणकेचे आहेत," ती म्हणाली.

"धुवून ये."

ती नळापाशी गेली. इतका वेळ हात धुताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बोटं एकेक करून धुतली, नखं धुतली, मग पुन्हा साबण घेतला. नॅपकिननं पुसले, ते ओलेच राहिले म्हणून पुन्हा पुसले. बाबांनी तिला घाई केली नाही. किल्ली पुढे धरून, डावीकडे झुकून, ते तिचे हात कोरडे होण्याची वाट बघत उभे राहिले.